झाडाखालची जमीन आणि तीस लाखांचा पाळणा

मे महिन्यातली सकाळ. मुंबईतल्या एका जुन्या सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्षाची छाटणी चालू आहे. गाड्या हलवायला सांगत वॉचमन घरोघरी फिरतो आहे. वर चाळीस फुटांवर एक तरुण अनवाणी उभा आहे. त्याचा एक पाय खोडाच्या बेचक्यात आहे आणि दुसरा मनगटाएवढ्या फांदीवर. कमरेला सुताचा दोर आहे, पण त्याचं दुसरं टोक कुठेही बांधलेलं नाही. ते कापायच्या फांदीसाठी मोकळं ठेवलं आहे. तो फांदीला गाठ मारतो, दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडतो. खालचे चौघं तो ओढून धरतात आणि मग कोयत्याचे घाव सुरू होतात. फांदी तुटते तेव्हा सगळं झाड हलतं. तरुण खोडाला मिठी मारतो आणि हलणं थांबेपर्यंत तसाच राहतो.

हे दृश्य पाहणाऱ्या कोणाच्याही मनात येतं, की याला एखादा पाळणा का मिळू नये? रस्त्यावरचे दिवे बदलायला महापालिकेची हायड्रॉलिक शिडीची गाडी येते, मग झाड छाटायला का नाही? हाच प्रश्न कंत्राटदारापुढे येतो तेव्हा त्याला रुपयांचे आकडे चिकटलेले असतात. ट्रकवर बसवलेली बूम लिफ्ट किंवा रबरी पट्ट्यांवर चालणारी स्पायडर लिफ्ट घ्यायची, तर छोट्या व्यवसायाची कित्येक वर्षांची शिल्लक एका यंत्रात जाते. ती कोणाला परवडते, कोणाला परवडत नाही आणि कोणत्या झाडापुढे परवडण्याचा विचारच करू नये, याचा हा आढावा.

लिफ्टचा जन्म झाडापाशीच झाला. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जे आयटल यांनी चेरीची फळं काढताना शिडीची चढउतार आणि सरकवासरकव यांना कंटाळून माणसाला उचलणाऱ्या दांड्याची कल्पना मांडली. इंग्रजीत त्या यंत्राला ‘चेरी पिकर’ हे नाव पडलं आणि आजही तेच चालतं. पुढे वीज कंपन्यांनी ते उचलून धरलं. अमेरिकेतली ॲस्प्लंड ही कंपनी १९२८ साली तीन भावांनी पेनसिल्व्हेनियात सुरू केली. तारांलगतची झाडं छाटणं हाच तिचा मुख्य धंदा. अशा कंपनीला पाळण्याची गाडी सोन्यासारखी ठरते, आणि त्याचं कारण कामाच्या स्वरूपात आहे. झाडं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी असतात, कंत्राट वर्षभराचं असतं. गाडी सकाळी निघते ती संध्याकाळीच थांबते. हे तिन्ही मुद्दे पुढे पुन्हा लागणार आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक कंत्राटदारांकडे यातलं एकही नसतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत लिफ्टची बाजू भक्कम आहे, पण विक्रेते सांगतात तितकी सरसकट नाही. अमेरिकेत १९९२ ते २००७ या सोळा वर्षांत झाडं छाटताना आणि तोडताना झालेल्या मृत्यूंचा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने अभ्यास केला. एकूण १,२८५ मृत्यू. त्यांपैकी सुमारे ४२ टक्के माणसं फांदी, झाड किंवा अन्य वस्तूचा मार लागून गेली. उंचावरून पडून ३४ टक्के, तर विजेच्या धक्क्याने १४ टक्के. लिफ्ट थेट आवर घालते ती मधल्या आकड्याला. फांदी कुठे पडेल, तिला दोर कसा बांधायचा, खाली कोण उभं राहणार, हे सगळं पाळण्यात बसल्यावरही तसंच राहतं. उलट एक धोका वाढतो. जड फांदी बूमवर आदळली तर पाळणा गोफणीसारखा झटका देतो आणि आतला माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून पाळण्यातही पट्टा घालून तो ठरलेल्या कडीला अडकवावाच लागतो. विजेचंही तसंच. बूम विद्युतरोधक नसेल, तर तारेजवळ गेलेला लोखंडी पाळणा माणसाला वाचवत नाही. तो स्वतःच धक्क्याचा मार्ग बनतो. रस्त्यावरचे दिवे बदलण्यासाठी घेतलेली साधी लिफ्ट महावितरणच्या ११ केव्ही वाहिनीशेजारच्या झाडाला लावणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. तिथे आधी वीज बंद करून घ्यायची आणि मगच कामाला हात लावायचा.

तरीही एक प्रकारचं झाड असं असतं, की तिथे लिफ्टची किंमत विचारूच नये. ते म्हणजे मेलेलं झाड.

हा धडा इंग्लंडने अलीकडे फार महागात शिकला. तिथे २०१२ साली ॲश या झाडांवर एक बुरशीजन्य रोग आढळला आणि काही वर्षांत देशभर पसरला. ॲश हे इंग्लंडच्या रस्त्याकडेचं, शेताच्या बांधावरचं अगदी नेहमीचं झाड. रोगाने वाळत चाललेल्या ॲशचं लाकूड ठिसूळ होतं. जिवंत फांदी वजनाने आधी वाकते, करकरते, माणसाला सावध करते. हे लाकूड काहीच इशारा न देता कडकन तुटतं. वर्षानुवर्षं दोरावर काम केलेले कसबी वृक्षतज्ज्ञसुद्धा अशा झाडावर चढायला नकार देऊ लागले आणि तो नकार योग्यच होता, कारण दोर बांधायचा तो त्याच झाडाला, आणि झाडच भरवशाचं नाही. तिथे २००५ च्या नियमांनुसार उंचावरच्या प्रत्येक कामाआधी अधिक सुरक्षित पर्याय आहे का, हे तपासावं लागतं. ॲशच्या रोगाने त्या नियमाला धार आली. ज्या छोट्या व्यवसायांनी कधी लिफ्टचा विचारही केला नव्हता, ते भाड्याने लिफ्ट आणू लागले, आणि काहींनी विकतही घेतली. अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेल्या पन्नाहिरव्या भुंग्याने ॲशचीच कोट्यवधी झाडं मारली, तेव्हा तिथेही हेच घडलं.

मुंबईला हे परकं नाही. गेल्या काही वर्षांत शहरातले कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने खंगले आणि उभ्या उभ्या वाळले. वाळलेल्या पर्जन्यवृक्षावर अनवाणी माणूस चढवणं आणि ठिसूळ ॲशवर चढवणं यात फरक नाही. फरक एवढाच, की इथे नकार देणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच तो चढतो. कंत्राटदाराने निदान एवढा नियम स्वतःपुरता करावा, की वाळलेल्या, पोखरलेल्या, बुंध्याशी छत्र्या उगवलेल्या झाडावर माणूस चढवायचा नाही. त्या दिवसापुरती लिफ्ट भाड्याने आणायची, तिचं भाडं सोसायटीच्या बिलात उघडपणे लावायचं. सोसायटी तयार नसेल तर ते काम सोडायचं.

आता राहिलेल्या, म्हणजे जिवंत झाडांकडे वळू. इथे सगळा प्रश्न झाडाखालच्या जमिनीवर येऊन ठेपतो. मुंबई महापालिकेच्या मागच्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यांपैकी रस्त्याकडेची होती सुमारे १ लाख ८५ हजार, तर खासगी आवारांतली १५ लाख ६३ हजारांच्या घरात. म्हणजे ट्रकवरची लिफ्ट सहज ज्याच्याजवळ उभी राहू शकते अशा एका झाडामागे सोसायट्यांच्या, बंगल्यांच्या आणि चाळींच्या आवारांत आठांहून अधिक झाडं आहेत. खासगी कंत्राटदाराचं पोट चालतं ते मुख्यतः या आठांवर.

त्या आवारात लिफ्ट नेऊन पाहावी. फाटक दहा फुटांचं, वर सोसायटीच्या नावाची कमान, कमानीवरून इंटरनेटच्या केबलींचा गुंता. आत दोन्ही बाजूंना गाड्या. ट्रक तिथेच थांबतो. स्पायडर लिफ्टची खुबी अशी, की ती घडी घातल्यावर जेमतेम ८०-९० सेंटिमीटर रुंद होते आणि बागेच्या छोट्या फाटकातूनही आत शिरते. पण काम करताना तिला चार पाय पसरावे लागतात. कामगार त्यांना ‘जॅक लावणे’ म्हणतात. जॅक पसरले की तीन मीटरांचा चौक अडतो, आणि पंधरा-सतरा मीटर उंचीच्या अशा यंत्राचं दोन-तीन टन वजन त्या चार बिंदूंवर येतं. माणूस एका बाजूला झुकला की त्यातला बराच भार एकाच जॅकवर जातो. आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉकखाली काय असतं? पुष्कळदा पाण्याची भूमिगत टाकी, नाहीतर ड्रेनेजचा चेंबर. टाकीच्या स्लॅबवर जॅक टेकवायचा की नाही, हे यंत्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते त्या इमारतीच्या नकाशात सापडतं, आणि तो नकाशा सेक्रेटरींच्या कपाटात असला तर असतो. अनुभवी ऑपरेटर आधी आवारभर चालून झाकणं मोजतो, टाकीची लांबीरुंदी विचारतो, जॅकखाली जाड लाकडी फळ्या घालतो. जो हे करत नाही, त्याला आवारात घेऊ नये.

या जमिनीच्या अटीतून जे आवार पार पडतं, तिथे लिफ्ट खरोखर वेगाने काम करते. सोनमोहर आणि गुलमोहर यांच्या बाहेरच्या टोकाकडच्या फांद्या वादळात आधी मोडतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी चढणाऱ्याला पोचता येत नाही, कारण त्या त्याचं वजन पेलत नाहीत. पाळणा बाहेरून तिथे जातो. माणूस दोन्ही पायांवर स्थिर उभा राहतो, त्याचा हात थरथरत नाही. कापही जिथे घ्यायला हवा तिथे, म्हणजे फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता घेता येतो. अमेरिकन वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती भिंती उभारून कुजणं आतच अडवतं. तो फुगीर कडा शाबूत असेल तर या भिंती नीट उभ्या राहतात. कोयत्याचे चार वाकडे घाव घातलेल्या बुडख्यातून पाणी शिरतं आणि पाचसहा पावसाळ्यांनी तीच फांदी, तेच झाड धोकादायक ठरतं. दुसरी बाजूही आहे. पाळण्यातला माणूस झाडाकडे बाहेरून पाहतो. आतली ढोली, दोन खोडांच्या सांध्यातली चीर, साल सुटलेली जागा दिसते ती चढणाऱ्याला. चांगल्या छाटणीला दोन्ही नजरा लागतात.

मग पैशांचं गणित. समजा ३० लाखांची लिफ्ट घेतली. ६ लाख हातचे घातले, २४ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता ५२,२०० रुपयांच्या आसपास येतो. ऑपरेटरचा पगार २२ हजार, विमा आणि कागदपत्रं ५ हजार, रात्री उभी करायची जागा ६ हजार, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे १० हजार. म्हणजे लिफ्ट जागची हलली नाही तरी महिन्याला ९५ हजार खर्च ठरलेला. तेवढीच लिफ्ट ऑपरेटरसह दिवसाला ९ हजारांनी भाड्याने मिळते असं धरू. स्वतःच्या लिफ्टला दिवसाला दीड हजाराचं डिझेल लागेल. प्रत्येक कामाच्या दिवशी वाचले साडेसात हजार. ९५ हजारांना साडेसात हजारांनी भागलं, की उत्तर येतं जवळजवळ १३ दिवस. महिन्यातून तेरा दिवस, वर्षातून दीडशेहून अधिक दिवस लिफ्ट झाडाखाली उभी असेल, तर ती भाड्याइतकीच पडते. त्याहून कमी दिवस चालली, तर प्रत्येक दिवस तोट्याचा.

आकडे गावागणिक बदलतील, रीत बदलणार नाही. आणि या रीतीत कंत्राटदारांना बहुधा चकवा देतात ते दिवस. आपल्याकडे छाटणीचा हंगाम एप्रिल आणि मे असा दाटीचा असतो. महापालिका पावसाळ्याआधी फांद्या छाटते, सोसायट्यांना धोकादायक झाडांच्या नोटिसा जातात आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात माणूस हवा असतो. त्या दोन महिन्यांत लिफ्ट महिन्याला पंचवीस दिवस चालेल. पण महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. परवानगी लांबली की आखलेला दिवस जातो, हप्ता मात्र जात नाही. पावसाळ्यात पडझडीचे फोन येतात, पण तेव्हा वारा आडवा येतो. उघड्यावर चालणाऱ्या बहुतेक लिफ्टना सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. अशा वादळाच्या दिवशी पाळणा वर नेताच येत नाही. दुसऱ्या दिवशी लागतात ते चेनसॉ, हायड्रा क्रेन आणि ट्रक, कारण झाड तोवर आडवं झालेलं असतं. आणि पाळणा म्हणजे क्रेन नव्हे. दोन माणसं आणि त्यांची हत्यारं, असं दोनशे-सव्वादोनशे किलो वजन तो पेलतो. त्याला कापलेला ओंडका लटकवायला गेलं तर लिफ्टच उलटते.

दिवस भरून काढायला मालक लिफ्ट इतर कामांना देतात. इमारतीची रंगरंगोटी, दुकानांचे फलक, सीसीटीव्ही कॅमेरे, लग्नाच्या हॉलची रोषणाई. यात गैर काही नाही आणि कित्येकांचा हप्ता त्यावरच सुटतो. पण मग तो लिफ्ट भाड्याने देण्याचा धंदा झाला. त्याला वेगळी ओळख, वेगळे ग्राहक, वेगळं लक्ष लागतं. मे महिन्यात रंगाऱ्याचंही काम पावसाआधी उरकायचं असतं, तेव्हा लिफ्ट नेमकी दुसरीकडे अडकते.

देखभालीबद्दल थोडक्यात, पण ठासून सांगायला हवं. ब्रिटनमध्ये माणसं उचलणाऱ्या यंत्राची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचा नियम १९९८ पासून आहे. आपल्याकडे घेणाऱ्याने हा नियम स्वतःला घालून घ्यावा. जुनी लिफ्ट स्वस्तात घेताना तर हमखास. हायड्रॉलिक नळीचं रबर उन्हाने तडकतं, सिलिंडरच्या सीलमधून तेल झिरपतं, सांध्यातल्या पिना झिजतात. पाळण्याच्या कंट्रोलचं कार्ड जळलं आणि ते परदेशातून यायचं असेल, तर अख्खा मे हातचा जातो. कर्ज फिटल्यानंतर सहाव्या वर्षी वरच्या हिशेबातला ठरलेला खर्च ४३ हजारांवर येतो आणि महिन्याला सहा दिवस काम मिळालं तरी जमतं. खरा नफा तिथे आहे. तो तोवर धडधाकट राहिलेल्या यंत्रालाच मिळतो.

कोकणात आणि गोव्यात हा सगळाच हिशेब गळून पडतो. तिथल्या वाडीत जायला पाखाडी असते, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये पाटाचं पाणी, आणि माडापोफळींच्या मुळांशी भुसभुशीत ओली माती. तिथे लिफ्टचं चाक पोचत नाही आणि जॅक टेकत नाही. कॅलिफोर्नियातल्या कोअचेला खोऱ्यात खजुराच्या बागा सपाट जमिनीवर सरळ रांगांत लावलेल्या आहेत, म्हणून तिथे यंत्राने माणूस उचलून शेंड्याशी नेणं जमतं. आपल्या आगरात उत्तर वेगळं हवं होतं आणि ते कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीहून आलं. तिथल्या एका शेतकऱ्याने घडवलेलं माडावर चढायचं यंत्र काही हजारांत मिळतं. दोन चौकटी, प्रत्येकीला पाय ठेवायची पट्टी, हातात धरायची दांडी आणि खोडाभोवती वेढणारा तारेचा दोर. एका पायावर वजन टाकलं की त्या बाजूचा दोर खोडाला घट्ट आवळतो. दुसरा पाय चौकटीसह वीतभर वर उचलायचा, मग त्यावर वजन टाकायचं. जिना चढल्यासारखं चढता येतं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून या यंत्राचं प्रशिक्षण आणि चढणाऱ्यांना विमा देण्याची योजना चालवली, आणि ज्या कामाला केवळ पुरुष जात, त्यात बायकाही उतरल्या. खोडाला खाचा पाडायचीही गरज उरत नाही. त्या खाचांच्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो, हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

तरी एक गोष्ट या यंत्राला साधत नाही. पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन शेजारची पोफळ धरणारा आणि जमिनीला पाय न लावता अर्धं आगर उतरवणारा माणूस आजही काही गावांत आहे. निसर्ग वादळाने जून २०२० मध्ये श्रीवर्धन, दिवेआगरकडची आगरं मोडली, तेव्हा उभ्या राहिलेल्या झाडांचं काम करायला अशी माणसं किती थोडी उरलीत, ते बागायतदारांच्या लक्षात आलं. अशा चढणाऱ्या पाडेल्याची मुलं मुंबईला गेली, आणि त्याची विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही.

शहरातल्या कंत्राटदाराने खरेदीचा क्रम ठरवायचा झाला, तर तो इथूनच ठरवावा. पहिली खरेदी लिफ्टची नको. चढणाऱ्याच्या अंगावरचा पट्टा, शिरस्त्राण, फेकदोरा, झाडावर चढण्यासाठी विणलेला खास दोर, फांदी उतरवायची कप्पी आणि घर्षणाचा खुंट, हे सगळं लिफ्टच्या एकदोन हप्त्यांत येतं. सोबत दोन माणसांना नीट प्रशिक्षण द्यावं. वर उल्लेखलेल्या, मार लागून झालेल्या ४२ टक्के मृत्यूंवर यातूनच उपाय होतो, आणि ही सामग्री पाखाडीतून, कमानीखालून, टाकीच्या स्लॅबवरून कुठेही जाते. दुसरी पायरी भाड्याच्या लिफ्टची, आणि तिची वही ठेवण्याची. कोणत्या तारखेला लिफ्ट लागली, कुठे हवी होती पण शिरली नाही, कुठे शिरली असती पण मिळाली नाही, या तीन रकान्यांची वही सलग दोन हंगाम भरावी. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची बेरीज महिन्याला तेराच्या पुढे जात असेल, तर बँकेत जावं. मधला रकाना सर्वांत मोठा निघाला, तर ३० लाखांची कोणतीही लिफ्ट ते काम करून देणार नाही.

तिसऱ्या रकान्यावर आणखी एक तोडगा आहे आणि तो आपल्याकडे जमण्यासारखा आहे. एकाच उपनगरात काम करणाऱ्या तिघाचौघांनी मिळून एक स्पायडर लिफ्ट घ्यायची, ऑपरेटर एकच ठेवायचा आणि एप्रिल-मेच्या तारखा फेब्रुवारीतच वाटून घ्यायच्या. ऊसतोडीला, मळणीला यंत्र वाटून घेणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत शिकवावी लागत नाही. वाटणीच्या करारात एक ओळ मात्र आधी लिहून घ्यावी. कोणाच्याही आवारात वाळलेलं झाड निघालं, तर त्या दिवशीची पाळी कोणाची का असेना, पाळणा तिकडे जाईल.